धाकूकृपावरचं फूल

दशरथमामाच्या फुलाचा मला गेली तीन वर्षं राग येत होता. तसा राग मला कशाचाही येतो, हे आधीच सांगून टाकते. शाळेतल्या पोरांचा येतो, रिक्षावाल्यांचा येतो, सगळ्यात जास्त स्वतःच्या कॅनव्हासचा येतो. पण हे फूल माझ्या बापाच्या बोटीवर होतं, त्यामुळे तो राग जरा घरचा होता.

आमच्या बोटीचं नाव धाकूकृपा. धाकू म्हणजे माझे आजोबा. बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, दोन्ही बाजूंना एकेक लाल जास्वंद काढलेली असते. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की उत्तनच्या किनाऱ्यावर बोटी वर ओढतात, खरवडतात आणि नव्याने रंगवतात. नाळेवरची नावं, मासे, कोणाचा क्रूस, कोणाचा वाघ, ही सगळी चित्रं दशरथमामा काढतो. गावात त्याला सगळेच मामा म्हणतात. माझ्या लहानपणी त्याची जास्वंद अशी असायची की फुलपाखरू फसावं. पाच पाकळ्या, प्रत्येकीला मुरड, मधला तुरा आणि त्यावर पिवळे दाणे. मी चित्रकार झाले ती बहुधा त्या फुलाकडे बघून. आणि आता म्हातारा काय काढत होता? पाकळ्या एकमेकींत चिकटलेल्या, मुरड गायब, तुऱ्याच्या जागी एक पिवळा फराटा. वर फूल दरवर्षी सुजल्यासारखं मोठं होत चाललेलं. मला वाटायचं, हात गेला बिचाऱ्याचा, आणि सांगायची कोणाची हिंमत नाही.

या फुलाला आमच्या घरात एक काम आहे. गावाची रीत नाही ही, फक्त आमच्या घरची. बोट समुद्रात असेपर्यंत माझी आई केसांत फूल घालत नाही. बोट परत येते त्या दिवशी ती अबोलीची वेणी ओल्या फडक्यात गुंडाळून किनाऱ्यावर नेते, नेहमीच्या दगडापाशी उभी राहते आणि नाळेवरची जास्वंद दिसली की मगच वेणी माळते. आजी असंच करायची, म्हणून आईही करते. बाबा कधी फोन करत नाहीत. आता किनारा जवळ आला की सगळ्यांचे फोन लागतात, बोट हाकणारे सगळे तांडेल आपापल्या बायकांना कळवतात, पण बाबा म्हणतात, "फूल हाय ना. मंग फोन कशाला?"

आणि आई बोट ओळखण्यात पटाईत. बाकीच्या बायका डोळ्यांवर हात धरून उभ्या असतात तोवर ही मान जराशी वाकडी करून म्हणते, "आयली." शेजारच्या फिलूमावशीचा नवरा त्याच सुमारास येतो, पण तीसुद्धा आधी आईच्या तोंडाकडे बघते. मनोरमा, म्हणजे माझी आई, 'आयली' म्हणाली म्हणजे बोट आली. आईला या गोष्टीचा केवढा तोरा! ती वाकडी मान मला इतकी आवडायची की दोन वर्षांपूर्वी मी तिचं पेन्सिलीने चित्र काढलं. खाली नाव दिलं, 'आईचा ताठा'.

मी राहते मीरा रोडला, भाड्याच्या वन बीएचकेत. एका शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात फुलं रंगवते. बागेतली नाही. गाऊनवरची, थर्मासवरची, लोखंडी कपाटाच्या आरशावर चिकटवलेली, दुकानात दाराला टांगलेली प्लास्टिकची. ज्या फुलांकडे कोणी फूल म्हणून बघत नाही ती फुलं मी सहा-सहा फूट मोठी करते. सपाट भडक रंगात, बोटीला लावतात त्याच ऑइल पेंटने, आणि छापील कागदावर भिंग धरलं की दिसतात तसल्या ठिपक्यांनी. पहिल्या कॅनव्हासवर फूल अख्खं असतं. दुसऱ्यावर देठ जातो. तिसऱ्यावर पाकळ्या चौकटीच्या बाहेर पळतात. असं करत करत फुलातलं फूल काढत जायचं, आणि तरी ते फूल राहिलं पाहिजे. ते कुठवर काढायचं, कुठे थांबायचं, हे मला कधीच कळत नाही. चांगल्या झालेल्या चित्रावर मी आणखी एक हात मारते आणि त्याची वाट लावते. मग दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

मे महिन्यात शिवांगी आली होती. ती मुंबईत एक छोटी गॅलरी चालवते, वय माझ्यापेक्षा दहा वर्षांनी कमी, पण नजर पक्की. डिसेंबरात माझी चित्रं लावायचं तिने जवळजवळ ठरवलं होतं. जास्वंदीच्या मालिकेतली सहाच्या सहा चित्रं भिंतीला टेकवून ती बराच वेळ बघत बसली.

"भारी आहेत," ती म्हणाली. "पण खरं सांगू? यात फूल अजून खूप आहे यार. तू सोडतच नाहीयेस त्याला. घाबरतेयस."

मला जे कोणी घाबरतेयस म्हणतं त्याला मी आयुष्यभर विसरत नाही. तिला खिडकीतून ढकलावंसं वाटलं, आणि वाटलं कारण ते खरं होतं. मग बोलता बोलता माझ्या तोंडून बोटीचा विषय निघाला. यंदा धाकूकृपावरचं फूल मी काढणार, असं मी सांगून टाकलं, बाबांना न विचारताच. शिवांगी खुर्चीतून उठलीच. "म्हणजे तुझं पेंटिंग समुद्रातून चालत येणार? मी फोटोग्राफर घेऊन येते. शोची सुरुवातच त्या फोटोने करू."

जुलैतल्या एका उघडिपीच्या रविवारी मी रंगाचे डबे पिशवीत भरले आणि भाईंदरहून बस पकडली. मोरवा गेलं, मिठागरं गेली, आणि माझ्या डोक्यात ठिपक्यांची जुळवाजुळव चाललेली. किनाऱ्यावर बोटी एकीला एक खेटून उभ्या होत्या, वर निळ्या ताडपत्र्या. बाबा जाळं शिवत बसले होते.

"यंदाचं फूल मी काढते," मी म्हटलं.

बाबांची सुई थांबली. माझे बाबा, काशीनाथ तांडेल, बोलायला महाग माणूस. मला वाटलं खूश होतील. तेरा वर्षं मी चित्रं काढतेय, त्यांनी एकदाही माझ्या चित्रासमोर उभं राहून काही म्हटलेलं नाही. मीरा रोडला आले की कॅनव्हासला पाठ करून चहा पितात. यंदा त्यांच्या बोटीवर माझं फूल असेल, ते घेऊन ते समुद्रात जातील, मग बघू कशी पाठ करतात, हा माझा सरळ हिशेब होता.

"दशरथ काडतो ना," ते म्हणाले.

"मामाचं फूल बघितलंत का अलीकडे? टोमॅटो वाटतो."

बाबांनी एकदा मामाकडे पाहिलं. मामा पलीकडच्या बोटीवर नाव गिरवत होता, त्याने ऐकलं आणि मान खाली घातली. मग बाबा म्हणाले, "काड. पन मोठं काड. आनि लाल भरपूर ठेव."

घ्या! सोफ्यावर शोभेल असं चित्र मागणारे लोक जसं बोलतात तसंच. मोठं हवं आणि लाल हवं. मी मान डोलावली आणि ऐकलं नाही.

मामा मात्र दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला, "पोरी, लाल भरीव ठेव हां. सांदीत दुसरा रंग नको." दुसऱ्यांदा मी ठिपके पाडत असताना मागे येऊन उभा राहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, "मामा, मी पाच वर्षं हेच शिकलेय." तो म्हणाला, "खरं हाय," आणि निघून गेला. आता आठवलं की कानशील तापतं.

फूल चांगलं झालं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या दोन रविवारांत माझा हात कधी नव्हे इतका मोकळा सुटला. पाकळ्यांची कड मी पुसून टाकली. लाल ठिपके, त्यांच्यामध्ये हिरवट निळे ठिपके, मध्येच गुलाबी, आणि त्यांची दाटी कमीजास्त होत होत नाळेच्या वळणावरून मागे पळणारी. जवळ उभं राहिलं की डोळ्यांत झिणझिण्या याव्यात. फूल होतं आणि नव्हतं. शिवांगीला फोटो पाठवला तर तिने नुसती दहा आगीची चित्रं पाठवली.

आई संध्याकाळी बघायला आली. ती नाळेजवळ गेली, तळवा रंगावर टेकवला आणि हळूहळू फिरवला.

"गुळगुळीत झालंय गो," ती म्हणाली.

"दिसायला कसंय?"

"चांगलं हाय. तू काडलंस ना, मंग चांगलंच हाय." आणि मग नेहमीप्रमाणे, "आता बास कर, हात नको लावू. चांगलं झाल्यावर बिघडवायची खोड हाय तुजी."

मला जरा रागच आला. डोळ्यांनी बघायचं सोडून ही हाताने काय चाचपतेय, असं वाटलं. पण आईचं सगळं आयुष्य मासळी चाचपण्यात गेलंय, म्हणून सोडून दिलं.

ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या. धाकूकृपा निघाली तेव्हा मी शाळेत होते. बाबा साधारण सहा दिवसांनी परततात. त्या सहा दिवसांत मला एका जागी बसवेना. वर्गात पोरांना रंगचक्र शिकवत होते, लाल आणि हिरवा समोरासमोरचे रंग, शेजारी ठेवले तर एकमेकांना उजळ करतात वगैरे, आणि मन सगळं उत्तनला. पाचव्या दिवशी वारा वाढला. सहाव्या दिवशी काही बोटी आल्या, आमची नाही. सातव्या दिवशी मी रजा टाकली आणि सकाळीच गावी गेले. शिवांगी तिचा फोटोग्राफर घेऊन तासाभरात पोचली.

आई तिच्या दगडापाशी उभी होती, हातात ओलं फडकं, फडक्यात वेणी. आदल्या दिवसापासून ती तिथून फारशी हललीच नव्हती, असं फिलूमावशीने सांगितलं. आईच्या तोंडावर नेहमीचा तोरा दिसत नव्हता. मान मात्र तशीच वाकडी.

"येतील गो," मी तिच्या बोलीत म्हटलं. आई हसली नाही.

दहाच्या सुमाराला लांब तीन बोटी दिसल्या. आमच्या किनाऱ्याला पाणी उथळ, त्यामुळे बोटी लांब पाण्यातच नांगर टाकतात आणि माणसं, मासळी छोट्या होडीतून येतात. एकीच्या नाळेवरचा पांढरा क्रूस लांबूनच चमकला. फिलूमावशीने हात जोडले, नवरा आला तिचा. दुसरी शेजारच्या चौक गावातल्या कोणाची तरी, पिवळ्या पट्ट्याची. तिसरीच्या नाळेवर काहीच नव्हतं. म्हणजे मातकट, राखाडी, न धुतलेल्या फडक्यासारखा एक डाग होता.

"मनोरमा, ती तिसरी तुजी का गो?" मावशीने विचारलं.

आईने मान आणखी थोडी वाकडी केली. मग म्हणाली, "न्हाय. आमची न्हाय ती."

आणि मीही मनात म्हटलं, नाही, आमची नाही. खरं सांगते, मीही ओळखली नाही. बोट जवळ येत गेली, आणि मग केबिनचा निळा पत्रा दिसला, त्यावर बाबांनी बांधलेला जुना टायर दिसला. तो राखाडी डाग माझं फूल होतं. लाल आणि हिरवट निळे ठिपके लांबून एकमेकांत मिसळले की राखाडी होतात. हे पहिल्या वर्षाच्या पोराला माहीत असतं. मीच पाच दिवसांपूर्वी वर्गात शिकवत होते. पण किनाऱ्यावर बोटींच्या दाटीत मी कधी दहा पावलांपेक्षा लांब जाऊन बघितलंच नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"ओ माय गॉड," शिवांगी कुजबुजली, "ते पूर्णच गेलंय. फूल राहिलंच नाही. कसलं भारी!" फोटोग्राफर धडाधड फोटो काढत सुटला.

धाकूकृपाने नांगर टाकला. होडी सुटली. होडीत बाबा उभे होते, त्यांच्या त्या विटक्या लाल बनियनमध्ये. होडी वाळूला लागली, बाबा उतरले, आणि सरळ दगडाकडे चालत आले. आई त्यांच्याकडे बघत नव्हती. ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, समुद्राकडे बघत होती. बाबा चार हातांवर आले, तीन हातांवर आले, आणि ती त्यांच्या बोटीची वाट बघत उभी.



"आयलो गो," बाबा म्हणाले.

आई दचकली. हात पुढे करून तिने त्यांचा खांदा चाचपला, बोटीवरचं फूल चाचपलं होतं अगदी तसाच. मग बनियनची बाही घट्ट पकडली. "कनची बोट?" ती म्हणाली. "कनच्या बोटीतून आयलात? आमची कुठंय?" तिला वाटलं, आमची बोट बुडाली आणि बाबांना दुसऱ्या कोणी तरी वाचवून आणलं.

फिलूमावशीने तोंड फिरवलं. आईच्या हातातलं फडकं वाळूत पडलं होतं, ते बाबांनी उचललं, झटकलं, वेणी बाहेर काढली आणि इतक्या लोकांसमोर तिच्या अंबाड्यात आपल्या हाताने खोवली. वाकडी बसली. आयुष्यात पहिल्यांदाच करत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोठं काड म्हनलं होतं. लाल ठेव म्हनलं होतं."

घरी गेल्यावर आई भांडायलाच उठली. "आंधली न्हाय मी! मधीच तेवडं न्हाय दिसत. कडंनं दिसतंय." डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, मोतीबिंदू नाही, काढून टाकता येत नाही, असं भाईंदरच्या डॉक्टरांनी चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. समोरचं धूसर होत जातं, बाजूचं राहतं. म्हणून मान वाकडी करायची. ती मान मी एकेका रेषेनिशी काढली होती, वर फ्रेम करून भिंतीला लावली होती.

"मला का नाही सांगितलंत?" मी ओरडले.

"सांगून?" आई म्हणाली. "तू मना उचलून मीरा रोडला नेलं असतंस. तिथं तुज्या खिडकीत बसून मी काय बगू? समोरच्या बिल्डिंगीचे पाईप?"

मी नेलंच असतं.

दशरथमामा संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. मी त्याच्यासमोर गेले, माफी मागायची होती, पण ती कशी मागतात ते मला नीट येत नाही. "मामा, तुम्ही बोलायचं होतंत," एवढंच म्हटलं, तेही रागातच.

"तुज्या बापानं शपथ घातली होती," तो म्हणाला. "चार वर्सांमागं मना म्हनला, दशरथ, तिला पाकल्या दिसत न्हाय. कमी कर. मी पाचाच्या चार केल्या. फुडच्या वर्सी म्हनला, तुरा काड, नुसता पिवला फराटा मार. मंग म्हनला, पाकल्या जोडून टाक, मोठं कर. मना तरी बरं वाटत व्हतं का? हाताचं काम बिघडवताना माज्या जिवावर यायचं. पन तिला दिसायचं गो. लांबनं पयलं तिलाच दिसायचं."

मी फोनमधले जुने फोटो काढले. चार वर्षांची चार फुलं, शेजारी शेजारी. दरवर्षी थोडी पाकळी गेलेली, थोडा रंग वाढलेला. जे करायला मी तेरा वर्षं मीरा रोडच्या त्या खोलीत डोकं आपटत होते ते इथे एक मासेमार आणि एक पाट्या रंगवणारा म्हातारा दर पावसाळ्यात गुपचूप करत होते. आणि कुठे थांबायचं हे त्यांना बरोबर माहीत होतं, कारण ते कोणासाठी चाललंय हे माहीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि मला त्या फुलाला टोमॅटो म्हणायची बुद्धी सुचली होती.

परवाच्या भरतीला बोट पुन्हा निघणार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबा होडीतून धाकूकृपावर गेलो. आई किनाऱ्यावर तिच्या दगडापाशी, कानाला फोन लावून. बाबांनी दोरांना फळी बांधून नाळेवरून खाली सोडली, मी तिच्यावर बसले, डबा मांडीत धरला. बोट डुलत होती, फळी डुलत होती, ब्रश कधी रंगात तर कधी हवेत. बाबांनी वर एका हातात दोर धरला, दुसऱ्या हातात फोन, स्पीकरवर.

मी आधी ठिपक्यांवरून लाल फिरवला. नाळेवरचं सगळं हिरवं निळं लालाखाली गेलं. मग पाच पाकळ्यांची गोलाई काढली, सवयीने.

"दिसतंय का गो?" बाबांनी विचारलं.

"लाल दिसतंय," फोनमधून आई म्हणाली. "फूल न्हाय दिसत."

मी पाकळ्यांच्या फटी बुजवल्या. गोल झाला.

"आता?"

"जाळ्याचा बोया वाटतो."

बाबा हसले. मी त्यांना असं हसताना फार दिवसांनी ऐकलं. गोल नको, मग काय? मी कड एका बाजूने वर ओढली, नाळेच्या टोकाबाहेर जाऊ दिली, खालची बाजू जड ठेवली. पिवळा घेतला आणि मधोमध नाही, कडेला, जिथे तिला दिसतं असं मला वाटलं तिथे, हात न उचलता एक तिरका फराटा मारला. मागे वळून बघायची सोय नव्हती. नाकासमोर नुसतं लाल होतं. मी काय काढलंय ते मला दिसतच नव्हतं. जगात फक्त एका माणसाला ते दिसणार होतं, तेही डोळ्याच्या कडेने.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आयलं," आई म्हणाली.

मला खरं वाटेना. मला बरं वाटावं म्हणून ती काहीही म्हणेल, हे मी जाणून आहे. मी बाबांना खूण केली. त्यांनी ताडपत्रीचं एक टोक नाळेवरून हळूच, रंगाला लागू न देता, समोर धरलं.

"आता ग?" मी ओरडून विचारलं.

"आता कुठं गेलं? कोनी झाकलं?"

बाबांनी ताडपत्री काढली.

"हां. आयलं परत." मग जरा वेळाने, "अबोली कमी पडली आज. फिलूकडनं घेतली मी."

ती वेणी घालत होती. किनारा लांब होता, मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पण हात डोक्यामागे गेलेले दिसले.

खिशात माझा फोन थरथरला. शिवांगी असणार. कालचे फोटो तिला फार आवडले होते, त्या राखाडी डागाचा मोठा प्रिंट काढायचा तिचा विचार होता. मी फोन काढला नाही. फळीवरून वर बाबांकडे पाहिलं. ते नाळेवरून अर्धे बाहेर वाकून माझं चित्र बघत होते, उलटं, डोकं खाली करून.

"डॉक्टर म्हनतो कडचं बी जाईल हळूहळू," ते हलक्या आवाजात म्हणाले. फोन त्यांनी तळव्याने झाकला होता. "फुडच्या वर्सी आनि मोठं लागंल."

नाळ केवढी आहे हे मला ठाऊक होतं. लाल तिच्या दोन्ही कडांना आत्ताच पोचलं होतं. पुढच्या वर्षी ते बाजूच्या फळ्यांवर उतरेल, त्याच्या पुढच्या वर्षी केबिनपर्यंत जाईल. मग एखाद्या वर्षी सगळी धाकूकृपा लाल असेल आणि गाव विचारेल, काशीनाथ, फूल कुठंय?

पिवळ्या फराट्याच्या खालच्या टोकाला रंग थोडा ओघळला होता. तो नीट करावा म्हणून मी ब्रश उचलला.

"स्वप्ना," फोनमधून आई म्हणाली, "तुजा हात दिसतोय मना तिथं. काड तो. बास आता."

मी ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात टाकला.